आत्याबाईंचं उद्यापन

आमच्या गावात मूठ म्हटलं की ती आत्याबाईंची.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई. देऊळघाटात पेरणीला तिफणीमागे चालणाऱ्या बाया पुष्कळ, पण मूठ धरावी ती त्यांनीच, असं सगळे म्हणत. ज्यांनी तिफण चालताना पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पुढे बैल, मागे तीन दातांची तिफण, आणि तिच्यावर लाकडाची एक वाटी. या वाटीला चाडं म्हणतात. चाड्याला तीन भोकं, त्यांतून तीन नळ्या खाली मातीत जातात. पुरुष तिफण दाबून बैल हाकतो. बाई ओटीत बियाणं घेऊन सोबत चालते आणि मुठीतून दाणे चाड्यात सोडत राहते. मूठ आवळली गेली तर तास, म्हणजे पेरणीची ओळ, कोरडं जातं, सैल पडली तर एकाच जागी झुबका उगवतो. दिवसभर ढेकळांतून बैलांच्या चालीनं चालायचं, आणि हाताला मात्र त्या चालण्याचा पत्ता लागू द्यायचा नाही.

तीस वर्षं आत्याबाईंनी मामाजींच्या तिफणीवर मूठ धरली. मामाजी, म्हणजे माझे सासरे उकंडराव, घरात त्यांच्याशी दिवसाला चार शब्द बोलले तर फार झालं. वावरात मात्र दोघांचं वेगळंच बोलणं चालायचं. त्यांनी 'हं' केलं की या थांबायच्या. या खाकरल्या की ते बैल आवरायचे. लग्न होऊन आले त्या वर्षी बांधावर बसून मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, यांचा खरा संसार इथं आहे, घरी नुसता स्वैपाक आहे.

मागच्या पौषात आत्याबाई खोकल्यानं पडल्या. महिनाभर अंथरूण सुटलं नाही. उठल्या त्या धाप घेऊनच. उजवा खांदाही धरला गेला, वेणी घालायला हात मागे जाईना. तरी मृगाच्या पेरणीला हट्टानं त्यांनीच मूठ धरली. चौथ्या तासाला श्वास तुटायचा, आणि श्वास तुटला की मूठ सुटायची.

ते वावर नेमकं बुलढाण्याच्या रस्त्याला लागून. ज्वारी वर आली तेव्हा इथं झुबका तर तिथं टक्कल. बाजाराला जाणारं अख्खं गाव त्याच रस्त्यानं जातं.

"काय हो उकंडराव, औंदा ज्वारी न्हाव्याकडून पेरली का?" कुणीतरी विचारलंच.

मामाजी पुढे चालत राहिले. घरी येऊन ताटावर बसले, आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, "हरभऱ्याले मंजुळाबाईले सांगा लागन."

मंजुळाबाई आमच्या वेटाळातल्या, शेजारच्याच; मूठ त्याही धरायच्या. आत्याबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही. पण त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चूल पेटवताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तीस वरसं ह्या मानसाच्या संगं चालली मी. आता दुसरी चालन."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मलाच तो सोडवेना.

माझं माहेर मलकापूरचं. वडील तुळशीराम मास्तर, शाळेत शिकवायचे. शाळेच्या मोठ्या वर्गात मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा नकाशा टांगलेला होता. त्या नकाशाखाली सतरंजी अंथरून ते रोज पहाटे आसनं करायचे, आणि दार लोटून आम्हा तिघी बहिणींकडूनही करून घ्यायचे. कुण्या बैराग्याकडून लहानपणी शिकलेले म्हणे. कापसाच्या जिनाचा पहिला भोंगा होईपर्यंत आमचं आटपलेलं असायचं. बाबा फार शिकवत बसत नसत. थोडं करा, पण रोज करा, एवढाच त्यांचा आग्रह. एखादी म्हणाली, बाबा, काल राहिलं, आज दुप्पट करते, तर हसायचे. म्हणायचे, "काल पाणी नाही प्यायलीस, तर आज दोन घागरी पिशील का?"

लग्न झालं आणि ते सुटलं. सून पहाटे उठते ती दळायला, सतरंजीवर हातपाय ताणायला नाही. पण माझी कोशी झाली आणि कंबर माझी राहिली नाही. घागर उचलली की पाठीतून कळ निघायची. त्याहून वाईट म्हणजे चिडचिड. लेकरू रडलं की त्याच्यासोबत मी रडायची. एकदा कोशी काही केल्या झोपेना, तेव्हा मी तिला झोळीत जरा जोरातच टाकलं. टाकल्यावर ती गप्प झाली आणि माझ्याकडे बघतच राहिली. पाच महिन्यांचं लेकरू, त्याला काय कळणार, पण ती नजर मला अजून आठवते. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या खोलीत घोंगडी अंथरली.

वीस-पंचवीस दिवसांत कंबर हलकी झाली. कोशी रडली तर मी आता एक लांब श्वास घेते आणि मग उचलते. तेवढ्या एका श्वासात राग कुठं जातो कोण जाणे.

एका पहाटे मी हातागुडघ्यांवर ओणवी होऊन पाठ वरखाली करत होते. पोटाखाली कोशी रांगत आलेली, माझं गळ्यातलं ओढत. तेवढ्यात दारात आत्याबाई.

"अवं माय! मांजर झाली का तू?"

मी गडबडून उठले. पदर सावरला.

"अन पिल्लूबी हाय वाटते खाली," म्हणाल्या आणि खोकत खोकत हसायला लागल्या. त्या खोकल्यानंतर इतक्या हसलेल्या मी प्रथमच पाहिल्या. संध्याकाळी 'हे' सायकलवरून बुलढाण्याच्या कचेरीतून घरी आले, तोवर बातमी त्यांच्यापर्यंत गेलेली. "घरात आखाडा काढला म्हणे आमच्या हिनं," ते आईला म्हणाले, "माती कवा आनू?"

"तू गुमान राह्य," आत्याबाई म्हणाल्या. "तिची कंबर बरी झाली, तुले काय?"

म्हणजे त्यांनी पाहून ठेवलं होतं.

म्हणून ज्वारीचं टक्कल उगवल्यावर मी एकदा धीर करून म्हटलं, "आत्याबाई, तुम्हीही करा. धाप कमी होईल. खांदा सुटेल."

"मी? ह्या वयात? टांगा वर करू?"

"टांगा नाही वर करायच्या. बसून श्वास घ्यायचा. हात वर-खाली. मी सांगीन तेवढंच."

"अन मूठ?"

"श्वास नाही तुटला तर मूठ कशी सुटेल?"

त्या खांदा चोळत बसल्या. त्यांना बांधून घेण्यासाठी मी म्हटलं, "सव्वा महिना तरी करून पाहा."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "सव्वा मैना ना? मंग करते. सव्वा मैना काई जड नाई."

तिथंच माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या आंघोळ करून, कोरं लुगडं नेसून, ठसठशीत कुंकू लावून आल्या. घोंगडीशेजारी निरांजन लावलं. मला वाटलं, किती मनापासून करतात. पहिल्या दिवशी श्वास आत घेताना तिनाच्या पुढे मोजता येईना. उजवा हात कानापर्यंत यायचा आणि तिथंच अडकायचा. मी मागे बसून नुसता कोपराला आधार द्यायची. ओढायची नाही. बाबा म्हणायचे, अंग ऐकतं, पण ओरडलं तर नाही ऐकत.

एक दिवस चुकला नाही. आषाढात वावरात खुरपणी होती तरी चुकला नाही. हळूहळू तिनाचे पाच झाले, पाचाचे आठ. हात कानाच्या वर गेला. विहिरीवरून येताना पायरीवर त्या घागर टेकवायच्या, ते टेकवणं बंद झालं. एका सकाळी मी चुलीजवळ होते, अंगणातून कोशीचं खिदळणं ऐकू आलं. पाहते तर आत्याबाईंनी तिला दोन्ही हातांनी पार डोक्याच्या वर धरलेलं, आणि ती वरून त्यांचं कुंकू पुसायला बघतेय. मला तो हात दिसला, पौषापासून धरलेला, आकाशाकडे सरळ गेलेला. कढईतलं करपलं तरी मी हलले नाही.

मग श्रावणात एक दिवस त्या म्हणाल्या, "उद्या पुरन टाका लागन. पाच सवाष्नी सांगितल्या."

"कशासाठी हो?"

"उद्यापन हाय."

"कशाचं?"

"कशाचं म्हन्ते! तुह्या त्या नेमाचं. सव्वा मैना काल पुरा झाला."

मी परातीतलं पीठ तसंच ठेवलं. "आत्याबाई, त्याला उद्यापन नसतं."

"नसते कसं? उद्यापन केल्याबिगर फळ पदरात पडते का?"

आता मोडायचं कसं? पाच घरी सांगून झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी पाच सवाष्णी आल्या. त्यांत मंजुळाबाईही होत्या, बोलायला सैल पण मनानं मोकळ्या. पानावर बसता बसता त्यांनी विचारलं, "कोन्या देवाचं हाय वं मनकर्णाबाई हे? आमाले तं कहानीबी नाई माईत."

"श्वासाचं हाय," आत्याबाई गंभीरपणे म्हणाल्या.

"श्वासाचं उद्यापन?" मंजुळाबाई घास हातात धरून थांबल्या. "मंग आता घ्याचा नाई का काय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. ओट्या भरल्या, सवाष्णी गेल्या. आत्याबाईंनी घोंगडी झटकली, घडी केली आणि पेटाऱ्यात खाली ठेवून दिली.

दुसऱ्या पहाटे मी एकटीच बसलेली. दळणाच्या वेळी त्यांना म्हटलं, "आज आला नाहीत?"

"उद्यापन झाल्यावर कोनी करते का वं?" जात्याचा खुंटा धरत त्या म्हणाल्या. "देवालेबी वाटन, हे बाई अजून काय मांगून राह्यली. आता आपलं झालं."

मी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "एक डाव पुरा झालेला नेम पुन्हा धरला, तं पैला लागू नाई झाला असं होते. अपशकुन करू नको." सुनेनं याउपर किती बोलावं? त्यात कोशीला दात येत होते, ती दिवसभर कडेवर. मला वाटलं, बरं वाटतंय त्यांना, राहूही दे.

बरं वाटणं तीन आठवडे टिकलं.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. मुखवटे आणताना उंबऱ्यात पावलं काढलेली, मी पुढे, मागून आत्याबाई दोन्ही हातांत मुखवटा धरून. माजघरात पोचण्याआधीच मला ती मागून ऐकू आली. तीच जुनी धाप. त्या चौकटीला टेकल्या. मुखवटा मी हातात घेतला नसता तर पडला असता. मामाजी ओसरीवरून बघत होते.

जेवणावळ उठली तशी ते मंजुळाबाईंच्या घरी गेले. विडा दिला आणि दसऱ्यानंतरच्या हरभऱ्याच्या पेरणीचं पक्कं करून आले. आम्हाला हे मंजुळाबाईंकडूनच कळलं. त्या स्वतः सांगायला आल्या होत्या. "मी नाई म्हन्लं नाई बाई. भाऊ दारात आले, कसं नाई म्हनू? पन तुले विचारल्याबिगर बरं नाई वाटलं."

"धर तू," आत्याबाई म्हणाल्या. "चांगली हाय तुही मूठ." आणि मंजुळाबाई गेल्यावर मला, "उद्यापनात कसूर राह्यली. म्या पाह्यलं व्हतं. मंजुळीनं अर्धी पोळी पानात टाकली. परत करा लागन उद्यापन."

मला एकदम रडू आलं आणि हसूही. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"आत्याबाई, पोळीची कसूर नाही. कसूर माझी आहे. मी तुम्हाला सव्वा महिना म्हटलं."

"मंग?"

"तुम्ही नाही म्हणाल म्हणून म्हटलं. सव्वा महिन्यात नुसता गुण दिसू लागतो. संपत नाही ते."

"म्हन्जे कवा संपते?"

"संपतच नाही."

"मरेस्तोर कराचं?"

"हो."

त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी त्यांना फसवून वैराग्याला लावलं. "असा कोनता नेम असते वं? अन फळ?"

"फळ रोजच्या रोज. आज केलं, आजचं मिळालं. उद्याचं उद्या केल्यावर. आज भाकरी खाल्ली म्हणून उद्याचा स्वैपाक आपण सोडतो का? भाकरीचं उद्यापन केलं कधी?"

"जास्त शिकली तू," म्हणाल्या आणि उठून गेल्या.

दोन दिवस अबोला. मीही गप्प. पहाटे उठून माझं माझं करत राहिले, दार मात्र लोटलं नाही. तिसऱ्या पहाटे पेटाऱ्याचं झाकण वाजलं. त्या आल्या, घोंगडी अंथरली. या वेळी निरांजन नव्हतं, कोरं लुगडंही नव्हतं. रोजच्या, दळायच्या लुगड्यात बसल्या.

"वीस-बावीस रोज बुडाले," म्हणाल्या. "आज किती डाव करू म्हन्जे भरून निंघन?"

"बुडाले ते बुडाले. आज आजचं."

"उपासाले तं भरून काढता येते."

"हा उपास नाही."

"काईच नाई हे मंग," त्या पुटपुटल्या, आणि डोळे मिटून त्यांनी श्वास आत घेतला. मी मोजलं. चार. श्रावणात आठावर गेलेला श्वास चारावर आला होता. त्यांनीही मोजलं असणार, कारण डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग होता. माझ्यावरचा नाही. वीस-बावीस दिवसांवरचा.

त्यानंतर मला त्यांना कधी बोलवावं लागलं नाही.

दसरा जवळ आला तशी मला एक गोष्ट सुचली. त्या चालताना श्वास कसा जातो, ते मी त्यांना मोजायला लावलं. चार पावलं आत, सहा पावलं बाहेर. आधी रिकाम्या हातानं, अंगणात या कुडापासून त्या कुडापर्यंत. मग मी ओटीत पायलीभर हरभरा दिला. म्हटलं, टाकत चला. अंगण सारवलेलं, त्यावर दाणे स्पष्ट दिसतात. पहिल्या फेरीला रेघ तुटली. दुसऱ्या दिवशी कमी तुटली. आठवड्यानं एक रेघ पडली ती अशी, की मी खाली बसून बोटांनी अंतर मोजत गेले आणि कुठंच बोट अडखळलं नाही. मामाजींना बोलवायला मी ओसरीवर धावले. ते आले, सावकाश, चपला घालून. तोवर कोंबड्यांनी अर्धी रेघ टिपलेली आणि उरलेली कोशी मुठीत भरून तोंडात घालत होती.

"काय दाखवते?" मामाजींनी विचारलं.

"रेघ होती," मी म्हटलं.

त्यांनी कोंबड्यांकडे पाहिलं, नातीच्या तोंडातून दोन दाणे काढले आणि परत गेले.

पेरणीच्या दिवशी मी भाकरी घेऊन वावरात जाणार होते. आत्याबाई आधीच निघालेल्या. ओटी बांधून. मी कोशीला कडेवर घेऊन मागोमाग धावले. बांधावर पोचलो तेव्हा मामाजी बैल जुंपून उभे, आणि मंजुळाबाई बियाणं भरून घेत होत्या.

"तू कायले आली?" मामाजींनी बायकोला विचारलं. अख्ख्या वर्षात मी ऐकलेला तो पहिला थेट प्रश्न.

"मूठ धराले."

"मंजुळाबाईले विडा देल्ला हाय."

आत्याबाईंनी ओटीची गाठ घट्ट केली. हटल्या नाहीत. मंजुळाबाईंनी ओटीतलं बियाणं परत पोत्यात ओतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, दोन तासं तिले धरू द्या. नाई जमलं तं मी कोठी पयते? इथंच बसते बांधावर, पोरीसंगं."

"हेबी वावर रस्त्याले हाय," मामाजी म्हणाले. तेवढंच. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. ज्वारीच्या वेळी लोकांनी केलेल्या थट्टेची. आणि मला वाटतं, आत्याबाई सगळ्यांसमोर पुन्हा धापा टाकतील याचीही.

"मले ठाव हाय कोठी हाय थे," आत्याबाई म्हणाल्या आणि चाड्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

बैल निघाले. मी बांधावर बसले, कोशी मंजुळाबाईंच्या मांडीवर. पहिलं तास गेलं. वळण. दुसरं. आत्याबाईंचं तोंड मिटलेलं होतं, हे मी दुरूनही पाहत होते. पौषानंतर त्या नेहमी तोंड उघडं ठेवून चालायच्या. तिसऱ्या वळणावर मामाजींनी मागे पाहिलं. चौथ्याला पुन्हा पाहिलं, आणि बैल जरा मंद केले. मुद्दाम केले, हे मला कळलं.

"हाना ना!" आत्याबाई ओरडल्या. "माही चाल मोडून राह्यली!"

मंजुळाबाई खोखो हसल्या. मामाजींनी बैल पूर्वीसारखे हाकले. सहावं, सातवं, दहावं. कुठल्या तासापासून त्यांनी मागे बघणं सोडलं ते मी नाही सांगू शकणार, कारण कोशीला भूक लागली आणि मी झाडाआड जाऊन तिला घेतलं. परत आले तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. वावराच्या पार टोकाला ते दोघं आणि बैल बारीक दिसत होते. मामाजींनी 'हं' म्हटलं असावं. दोघं एकदमच थांबले.

भाकरी खायला आल्या तेव्हा आत्याबाईंच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण श्वास ठिकाणावर. "हात दुखला का?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"दुखला ना. लाकडाचा थोडी हाय?" त्यांनी कांदा फोडला. "पन सुटला नाई."

दिवस मावळेपर्यंत चार एकर झाले. दुसऱ्या पहाटे मला वाटलं, आज त्या उठणार नाहीत, सगळं अंग मोडलेलं असणार. मी हळूच मागच्या खोलीत गेले तर त्या माझ्याआधी बसलेल्या. "आज हळू कराचं," मलाच सांगितलं त्यांनी, "पन कराचं."

आता उगवण काय सांगते तेवढं उरलं होतं. मृगानंतर पंधरा दिवस घरात जसं कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, तसंच आताही. आत्याबाई रस्त्याच्या बाजूला फिरकल्यासुद्धा नाहीत. नवव्या दिवशी मामाजी एकटे वावरात गेले आणि दोन घटका गेल्या तरी आले नाहीत. या बांधापासून त्या बांधापर्यंत प्रत्येक तास पायी पाहत होते, असं 'ह्यां'नी संध्याकाळी सांगितलं. सायकलवरून येताना त्यांना ते दिसले होते. आणि हरभराही दिसला होता. "सायकलवरून उतरून पाह्यला," ते म्हणाले, "पाटीवर मास्तरानं रेघा मारल्या तसा."

मामाजी आले. ओसरीवर बसले. पाणी मागितलं. मी तांब्या ठेवला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "परवा गव्हाचं वावर घ्याचं हाय. सांगून ठेव तिले."

आत्याबाई दाराआडच उभ्या होत्या. निरोप पोचवायची गरजच नव्हती.

"सांग वं तुह्या मामाजीले," आतून आवाज आला, "धरते म्हना मूठ. पन तिफन जुपाची थे माहं सकाळचं झाल्यावर. त्याच्या आंधी बैल नेले तं बैल उभे राहातीन."

मामाजींनी पाणी पिऊन मिशा पुसल्या. 

"किती येळ लागते तिले?" त्यांनी मला विचारलं.

"अर्धा तास. कोशी मधे आली नाही तर."

"अन आली तं?"

"मग पाऊण."

"बरं," ते म्हणाले आणि उठले. "तवर बैलाले वैरन टाकत जाईन."